ललिताला एक, जमुनेला दोन

बेबीबाईला खुनी आधीच कळायचा. मी वाचायची, ती जाळं सांधत ऐकायची, आणि गोष्टीतला इन्स्पेक्टर अजून चहाच पीत असताना ती म्हणायची, "तो डाक्टरच होय व सत्यवती. ज्याच्या घरचा कुत्रा भुकत नाही, लाश त्याच्याच घरी हाये." शेवटी डॉक्टरच निघायचा. मला भयंकर राग यायचा. भंडाऱ्याच्या बस स्टँडवरून भाड्यानं पुस्तक मी आणायचं, घसा मी कोरडा करायचा आणि सगळी मजा हिनं घालवायची! पण ती शेजारी नसली की मला एक पानही वाचवत नसे.

कारध्यात आमच्या दोघींच्या घरांना एकच भिंत होती. मी शिवणकाम करायची, सातवी शिकलेली. तिला अक्षर येत नव्हतं. नवरा श्यामलाल वैनगंगेत डोंगा घालून मासोळी धरायचा आणि ती टोपलं डोक्यावर घेऊन, पूल ओलांडून भंडाऱ्याच्या बाजारात बसायची. तोंडानं फटकळ. मासोळीच्या डोळ्यात बोट खुपसून ताजी आहे का पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायची, "तुमच्या डोळ्यात घालून पाहू का आता?"

दुपारी ती परत आली की आमचं वाचन सुरू. त्या वर्षांत परदेशात काचेच्या नळीतून मूल झाल्याची बातमी आली होती. तेव्हापासून जी रहस्यकथा उघडावी तिच्यात एक वेडा डॉक्टर, एक तळघर आणि ओळीनं मांडलेल्या बरण्या. कोणी एका माणसापासून हुबेहूब दहा बनवायचा, कोणी माणसाच्या रक्तात जनावराचं बीज मिसळायचा. बेबीबाईला ह्याच गोष्टी सगळ्यांत प्रिय. "आपला एक जनता जनता जीव जाते, अन् हा मुर्दा बरणीत लोणच्यावानी घालून राहिला," असं म्हणून ती पोट धरून हसायची.

तिला जुळ्या मुली होत्या, ललिता आणि जमुना. इतक्या सारख्या की बापही चुकायचा. म्हणून त्या रांगत होत्या तेव्हाच बेबीबाईनं गोंदणारीला बोलावून त्यांच्या उजव्या मनगटावर ठिपके गोंदवले. ललिताला एक, जमुनेला दोन. कारध्यातले लोक आधी मनगट पाहायचे, मग हाक मारायचे. बेबीबाईचे स्वतःचे हात तर कोपरापर्यंत गोंदणानं भरलेले होते. तुळस, विंचू, फुलं, रेघा. एवढ्या गर्दीत कुठं काय आहे, हे कोण बघत बसतो?

टेकचंद सर तिचे रविवारचे गिऱ्हाईक. शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. मरळ घ्यायचे आणि बोलत उभे राहायचे. एकदा मुली सोबत होत्या. सरांनी ठिपके पाहिले, विचारलं, आणि बेबीबाईनं कौतुकानं सगळं सांगितलं. सर रात्रंदिवस पोरांना बेडूक कापायला शिकवतात एवढंच आम्हाला ठाऊक. टोपणनावानं गोष्टी लिहितात, हे आम्हाला काय माहीत!

ते पुस्तक मीच आणलं होतं. कव्हरवर बरणीतली पोरगी. वैनगंगेकाठी एक बंगला, त्यात एक डॉक्टर, आणि तो एकाच मुलीच्या पेशीपासून मुली वाढवतो. बेबीबाई रंगून ऐकत होती. मग त्यातल्या दोन मुली एका ढिवरणीच्या, मासोळी विकणारीच्या, घरी वाढत असल्याचं निघालं. ओळख पटावी म्हणून डॉक्टरनं त्यांच्या मनगटावर ठिपके गोंदले होते. नंबर एकला एक, नंबर दोनला दोन. आणि नंबर तीन बंगल्यातून पळालेली. तिला माणसाचं काळीज नाही. ती बहिणींना शोधत फिरते आणि वाटेत येईल त्याचा गळा दाबते.

बेबीबाईची सुई थांबली. मी पुढं वाचलं नाही.

"वाच," ती म्हणाली.

"नको."

"वाच म्हणतो नं मी."

मी वाचलं. त्या दिवशी तिनं खुनी ओळखला नाही.

पुस्तक खपलं. भंडाऱ्यात घरोघरी गेलं, तिथून पवनीला गेलं. बाजारात माणसं मासोळी सोडून पोरींची मनगटं पाहायला लागली. पुलावर टोळभैरव ओरडायचे, "नंबर एक चालली! नंबर दोन कुठं गेली?" शिकले-सवरलेले लोक! चांगल्या इस्तरीच्या कपड्यातला एक जण तर ललिताला म्हणाला, "बेटा, तुला ताप येतो का गं कधी?" माझ्या हातात तेव्हा कात्री असती तर मी त्याच्या सदऱ्याचं काय केलं असतं, सांगता येत नाही.

दोघींचं लग्न कोंढ्याच्या एकाच घरात ठरलं होतं, सख्ख्या भावांशी. साक्षगंधाला मुलांचा बाप मनिराम दहा माणसं घेऊन आला. पाट मांडले, पोरी नव्या लुगड्यांत येऊन बसल्या, आणि मनिरामनं नारळाला हात लावायच्या आधी घसा खाकरला.

"बाई, राग नोका मानू. पन लोक बोलून राहिले. दोघी आमच्या घरी येतीन, ठीक हाये. तिसरी कुठं हाये?"

मला वाटलं, आता हा गेला. आता बेबीबाई ह्याच्या सात पिढ्या काढणार. मी तर वाटच पाहत होते.

बेबीबाई गप्प बसली. बाजारात कोणाचं अर्धं वाक्य उधार न ठेवणारी ती बाई नुसती पोरींकडे पाहत राहिली. श्यामलालनं मान खाली घातली. मनिरामला तेवढं पुरलं. तो उठला, आणि नारळ जसा आला तसाच पिशवीतून परत गेला.

मी तिच्यावर इतकी ओरडले की माझाच आवाज बसला. ती एकच म्हणाली, "उद्या त्या मास्तराच्या घरी चाल मह्यासंगं. ठिपक्याचं त्यानंच इचारलं होतं."

टेकचंद सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बेबीबाई उभ्यानंच म्हणाली, "सर, कोंढ्याले चला. हे सारं खोटं हाये म्हनून मनिरामले सांगा. मह्या पोरीचं लग्न मोडून राहिलं."

"बाई, ती कल्पना आहे. कादंबरी आहे. लोक मूर्ख असतात, त्याला मी काय करू?"

"तुमी लिवलं, मंग तुमीच सांगा."

"लेखक असा दारोदार खुलासे देत फिरत नसतो." सर हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. "आणि दुसरा भाग छापायला जातोय. त्यात तिसरी परत येते. आता खोटं म्हणू तर वाचणार कोण?"

बेबीबाईनं हात पुढं केला, तळवा वर करून. तुळशीच्या आणि विंचवाच्या मध्ये, जिथं मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, तिथं तीन ठिपके होते.

"हे पाह्य. तिसरी इथं हाये. तिघी झाल्या होत्या मले, बपेऱ्याले, मायच्या घरी. तिसरी पाचवी पुजाच्या आंधी गेली. नदीच्या रेतीत ठेवली तिले. दोघीले गोंदलं तवा तिचे ठिपके कोनाच्या हातावर घेऊ? म्हनून मह्या हातावर घेतले." तिनं त्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "माय म्हने, गेलेलीचं नाव काढशीन तं ते उरलेल्याले बलावते. म्हनून मी पोरीच्या बापाच्या अन् मह्याशिवाय कोनाले कळू नाही देल्लं. काल भरल्या घरात तोंड शिवून बसली मी. अन् तू तिले गळे दाबाले लावून राहिला? दूधबी धड नाही पेली रे ते!"

फाटकाशी काहीतरी हललं. ललिता आणि जमुना आमच्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आणि टेकचंद सर? त्यांचे डोळे चमकले. देवाशपथ सांगते, चमकले. म्हणाले, "बाई, हे तर विलक्षण आहे! तुमची हरकत नसेल तर दुसऱ्या भागात हे..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. ललितानं अंगणातली शेणाची बादली उचलली आणि त्यांच्या इस्तरीच्या धोतरावर रिकामी केली. चांगलं केलं. मी तिच्या जागी असते तर बादलीही फेकून मारली असती.

तिसरीची खरी गोष्ट पुलावरून पलीकडे गेली, कोंढ्यालाही पोचली. काही दिवसांनी मनिराम परत आला, तोच नारळ की दुसरा, देव जाणे. ओट्यावर बसून म्हणाला, "आता खुलासा झाला. आमचं काही म्हननं नाही." जणू काही त्यानंच आम्हाला माफ केलं होतं!

बेबीबाई काही बोलायच्या आत पोरी बाहेर आल्या. दोघींनी उजवी मनगटं त्याच्यापुढं धरली. ठिपके ताजे होते, कातडी अजून सुजलेली होती. ललिताच्या मनगटावर तीन. जमुनेच्याही मनगटावर तीन.

"तुमी इचारत होते नं, मामाजी," जमुना म्हणाली, का ललिता म्हणाली, मला खरंच सांगता यायचं नाही. "तिसरी कुठं हाये? वळखा आता. वळखली तं येतो आमी तुमच्या घरी."

मनिराम एका मनगटावरून दुसऱ्यावर पाहत राहिला. मग त्यानं चपला शोधल्या. बेबीबाई आत चुलीपाशी गेली. ती रडत होती, आणि रडता रडताच तिनं हाक मारली, "पोरींनो, जेवाले या व. तिघीबी या."