दम वाढवा

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सीनियरवर मी सूड उगवला. त्याचा मला आजही आनंद होतो.

सोलापुरात मी फ्युएल सेलसाठी ॲनोड बनवत होते. निकेल आणि सेरियमच्या क्षारांचं द्रावण तापलेल्या प्लेटवर फवारायचं. पाणी उडून जातं आणि मागे ऑक्साइडचा थर उरतो. तो सच्छिद्र हवा, नाहीतर इंधनाचा वायू आत शिरणार कुठून? माझे थर आधी पापडासारखे तडकायचे. त्यात अख्खे उन्हाळे गेले. मग कळलं, प्रत्येक फवाऱ्याने प्लेट निवते, तिला पुन्हा तापायला सवड द्यायला हवी. त्या थांबण्याला मी ‘दम’ म्हणायचे.

सीनियर करमाळ्याचा, गोड बोलणारा. त्याने सेमिनारमध्ये माझ्या थरांचे फोटो स्वतःचे म्हणून दाखवले. मी आमच्या गाइड सरांकडे गेले, तर ते म्हणाले, घरातलं घरात ठेवा. माझं अंग नुसतं जळत होतं.

पुढे तेच फोटो बघून बाहेरून तज्ज्ञ यायचे ठरले. त्यांच्यासमोर थर करून दाखवायचा होता त्यालाच. सकाळी तो माझ्याकडे आला. थर सुटून येतोय, काय करू, असं विचारू लागला.

“दम वाढवा की,” मी म्हणाले.

सांगितलं ते अगदी खरं होतं. पण मी फवारताना तो कधी शेजारी उभा राहिलेला नव्हता. दम म्हणजे जोर, असं समजून त्याने फवाऱ्याला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरची चावी पिळली. मला ते दिसलं. मी चहा पीत बसले.

हवेचा जोर वाढला तशी प्लेट आणखी निवली. थेंब ओलेच बसले आणि पाहुण्यांच्या देखत थराचे पोपडे उडाले. मग फोटोतले थर कुणी केले, असं एका पाहुण्याने विचारलं.

“हिनं,” सीनियर माझ्याकडे बोट करत म्हणाला. त्याच्याच तोंडून.

नंतर त्याने मला जिन्यात गाठलं. “तुला ठाव हुतं. मुद्दाम केलंस न्हवं?”

“व्हय,” मी म्हणाले. बिचाऱ्याला वाटलं होतं, मी निदान नाकारीन.

पेपरवर पहिलं नाव माझं लागलं. त्याचं कितवं लावायचं, असं सरांनी जरा चाचरतच मला विचारलं.

“कुटंच नको, सर.”