कणगीला लावलेला कान

आमच्या घरमालकासारखा कान देवानं आणखी कुणाला दिला असेल, तर त्या माणसानं तो गाण्याबिण्यात वाया घालवला असणार, याबद्दल माझी खात्री आहे. आमच्या म्हाताऱ्यानं आपला कान उभ्या जन्मात एकाच कामाला लावला. कणगीतल्या भाताला कीड लागली आहे की नाही, हे ऐकायचं. कुणाच्याही घरी गेला की रामराम नाही, पाणी नाही. चुलीजवळच्या अंधारातून वाट काढत तो थेट कणगीपाशी जायचा, तिच्या शेणामातीनं लिंपलेल्या पोटाला उजवा कान लावायचा, डोळे मिटायचा आणि श्वास कोंडून उभा राहायचा. घरातली माणसंही मग श्वास कोंडून उभी राहायची. बऱ्याच वेळानं तो "गप हाय" म्हणाला की सगळे सुटायचे, आणि मग कुठं रामराम व्हायचा. "बोलतंय" म्हणाला की त्या घरात सुतक आल्यासारखं होई, आणि दुसऱ्या दिवशी सगळं भात अंगणात, उन्हात पसरलेलं असे. स्वतःच्या मुलासाठी मुलगी बघायला म्हणून त्याला एकदा कॅसलरॉकच्या बाजूला नेलं होतं. परत आल्यावर बायकांनी विचारलं, "पोरगी कशी हाय, आज्जा?" तर हा म्हणाला, "पोरगी बघाय झाली न्हाई. कणगी गप हाय. करा लगीन." लग्न झालं, आणि ती सून त्या घराला लाभली, हेही इथंच सांगून टाकतो.

मी त्या वाडीत गेलो तो मास्तर म्हणून. युरोपातली पहिली लढाई तेव्हा सुरू व्हायची होती. मी खानापूरकडचा, डोक्यावर कडक टोपी आणि डोक्याच्या आत त्याहून कडक विद्या घेऊन आलेला. कुंभारवाडा नावाच्या गावापलीकडं जंगलात अकरा घरं, त्यातलं हे एक. शाळा म्हणजे त्याची पडवी, आणि मास्तरची खोली म्हणजे पडवीचाच एक कुडानं अडवलेला कोपरा. सगळी वाडी त्याला आज्जा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. मला सगळी वाडी 'तुमी' म्हणायची, तो एकटा 'तू' म्हणायचा, आणि फारच लोभात आला तर कानडीतलं 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ. वास्तविक मी त्याचा नातू शोभलो असतो. पण भाताच्या बाबतीत तो सगळ्यांनाच अज्ञान धाकटे भाऊ समजत असे.

पहिल्याच आठवड्यात मी माझ्या विद्येची चुणूक दाखवली. माझ्या पोटासाठी प्रत्येक घरातून तांदूळ येत. ते मी मातीच्या मडक्यात न ठेवता घासलेटच्या रिकाम्या डब्यात भरले आणि झाकण मेणानं बंद केलं. आत हवा नाही, म्हणजे कीड नाही, असं पुस्तकी गणित होतं. डबा मी दोनदा धुतला होता, असं मला अजूनही वाटतं. पुढं चार महिने माझा भात, माझी पेज, माझा ढेकर, सगळ्यांना कंदिलाचा वास येत होता. शेजारी जेवायला बसलेला पाहुणा अर्ध्या ताटावरून उठून गेला. म्हातारा रोज येऊन डब्याला कान लावायचा आणि मान डोलवायचा. शेवटी म्हणाला, "किडा तुज्यापेक्षा हुशार हाय, मास्तर. त्यानं खाल्लं न्हाई. तू खातोस!"

त्याच्या भाताच्या कोठीत बसायउठायचे नियम देवघरापेक्षा कडक होते. भात कणगीत भरताना कुणी बोलायचं नाही. बोललं की तोंडातली वाफ दाण्यात जाते, म्हणे. सबंध दिवस घरात खाणाखुणा चालायच्या. त्या दिवशी मी अनवधानानं शिंकलो, तर त्यानं वरच्या दोन टोपल्या उपसून पुन्हा उन्हात टाकायला लावल्या, आणि त्या टाकल्या मीच. नातीची पाठवणी होती तेव्हा बायका कोठीच्या दारात गळ्यात गळे घालून रडू लागल्या, तर हा धावत आला: "रडायचं ते अंगणात जाऊन रडा! हितं ओल करू नकासा!" आणि अंगणात गेल्यावर सगळ्यांपेक्षा जास्त तोच रडला. भात पुरतं वाळलं की नाही हे तो दाण्याला दात लावून ठरवी. तोंडात दात उरलेले चार, त्यातले समोरासमोर येणारे दोन. ते दोन तो भाकरीला लावत नसे, भातासाठी राखून ठेवलेले होते. कोठीत उंदरांसाठी मांजर नव्हतं, धामण होती. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. एका सकाळी ती पडवीतून, मुलं पाढे म्हणत असताना, माझ्या पायावरून गेली. मी फळ्यावर चढलो. फळा मोडला. म्हातारा आतून आला आणि मोडलेल्या फळ्याकडं नव्हे, धामणीकडं बघून म्हणाला, "भ्याली की गं बाई ती!"

हे सगळं मी हसत सांगतो आहे, पण तिकडं भाताचं हसू करून चालत नसे. जंगल तोडून-जाळून करायची कुमरीची शेती सरकारनं बंद केल्यापासून ओहोळाकाठच्या चार चार वाफ्यांवर माणसं जगत होती. घरात आलेल्या भातातलं किड्यानं नेलं, उंदरानं नेलं, ओलीनं नेलं, की पावसाळ्यात कंद उकडून खायचे. म्हणून वाडीनं आपलं सगळं बियाणं म्हाताऱ्याच्या कोठीत एका कणगीत ठेवलेलं असे. तांबड्या कुसळाचं भात होतं ते. आजूबाजूच्या कुठल्याच गावात ते नव्हतं. चिखलात उभं राहिलं की गुडघाभर पाण्यालाही दाद देत नसे, आणि शिजताना त्याचा वास शेजारच्या घरी कळे. अकरा घरांचं बी एका म्हाताऱ्याच्या कानाच्या भरवशावर होतं, आणि त्याचं कुणाला काही विशेष वाटत नसे.

तर माझी शाळा पडवीत आणि ही कणगी भिंतीच्या पलीकडं. मुलांनी पाढे सुरू केले की आतून ओरडा यायचा: "मास्तर, तुजी पोरं गप कर की! मला भात ऐकाय येत न्हाई." तीन वर्षं हा ओरडा मी रोज ऐकला. चौथ्या वर्षी, दिवाळीच्या सुमाराला, तो बंद झाला. मुलं पाढे म्हणत, मारामारी करत, बाकं नव्हती म्हणून एकमेकांवर बसत, पण आतून एक शब्द नाही. मी मनातून फुगलो. माझ्या शिस्तीचा हा परिणाम, असं मी ठरवून टाकलं, आणि वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात तसं लिहूनही टाकलं. "शेजाऱ्यांच्या तक्रारी पूर्णपणे थांबल्या आहेत." त्या वाक्याची आठवण झाली की अजून मला कुठं तरी तोंड लपवावंसं वाटतं.

चैत्रात एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो. म्हातारा बियाण्याच्या कणगीपाशी उभा होता, कान लावून, डोळे मिटून. मी हात लांबवला आणि फळीवरचा पितळी हंडा माझ्या कोपरानं खाली आला. त्या आवाजानं गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. सून परसातून पळत आली. म्हाताऱ्याची पापणी हलली नाही. तो तसाच उभा होता, चेहऱ्यावर ते नेहमीचं निवांत हसू. मग त्यानं डोळे उघडले, आम्हा दोघांना बघितलं आणि सांगितलं, "गप हाय."

सुनेनं माझ्याकडं बघितलं नाही. हंडा उचलून जागेवर ठेवला आणि ती निघून गेली. तिला ते आधीपासून माहीत असावं. पण मी जे बघितलं ते तिनं बघितलं नव्हतं. कणगीच्या बुडाशी, जिथं भात काढायच्या भोकाला गवताचा बोळा असतो, तिथं जमिनीवर पांढरं पीठ पडलं होतं. चिमूटभरच, बारीक, कुणी रांगोळीचं बोट झटकल्यासारखं. दाणा आतून कोरला गेल्याशिवाय तसलं पीठ पडत नाही, हे मला त्यानंच शिकवलं होतं.

मी गप्प बसलो. आता कारणं सांगायला बसलो तर दहा सांगेन. पीठ सांगायचं म्हणजे कान गेला हे सांगायचं, आणि ते मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? उद्या सुनेला हळूच सांगू, असं म्हटलं. उद्या परीक्षा निघाली. परवा वाटलं, ते जात्याचं पीठ असेल. मग सुट्टी लागली आणि मी खानापूरला जाऊन आंबे खात बसलो.

परत आलो तो बी काढायच्या दिवशीच. मृगाला आठवडा होता. अकरा घरांच्या बायका टोपल्या घेऊन अंगणात आल्या होत्या. म्हाताऱ्यानं नवं धोतर नेसलं होतं. कणगीवरचं लिंपण त्यानं स्वतः फोडलं, पेंढ्याचं झाकण काढलं, आणि आतून किडीच्या करड्या पाखरांचा लोट त्याच्या तोंडावर आला. त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ वर काढली. तळहातावर फुंकर मारली. सगळी मूठ उडून गेली, नुसती फोलं. त्यानं दुसरी मूठ काढली. मग तिसरी. कुणी त्याला थांबवलं नाही. शेवटी सगळ्यात पुढं उभी असलेली एक बाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, आज्जा. व्हतंय कवा तरी." बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परत गेल्या. एकीनंही त्याला बोल लावला नाही. तेच त्याला लागलं असावं.

त्या दिवसापासून तो भिंतीकडं तोंड करून निजला. वाडीतले बाप्ये दिग्गी गावाला चालत गेले आणि नातलगांकडून त्यांचं बी घेऊन आले, ते रुजवून झालं, तरी हा उठेना. पाण्यापलीकडं काही घेईना. सून ताटली ठेवायची आणि तशीच उचलायची. चौथ्या दिवशी ती पडवीत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "मास्तर, तुमी काय तरी बोला की वो त्येंच्यासंगं. म्हातारं जातंय असं."

मी आत जाऊन त्याच्याजवळ बसलो. माझी योजना अशी होती की हलक्या आवाजात, त्याच्या कानाशी, फक्त त्याला ऐकू जाईल असं सगळं कबूल करायचं. माझ्या आयुष्यातल्या योजनांपैकी ही सर्वात मूर्ख होती, हे मला त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं तेव्हा समजलं.

"आज्जा," मी पुटपुटलो, "मी ते पीठ बघितलं होतं."

"मोठ्यानं बोल," तो म्हणाला. "मला ऐकाय येत न्हाई, तम्मा."

हे त्यानं त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं. मी पुन्हा बोललो. त्यानं मान हलवली. तेव्हा ज्या आवाजात मी पंचवीस मुलांना पाढे सांगत असे, त्या आवाजात मी ओरडलो, "चैतात मी कणगीखाली पीठ बघितलं होतं! आणि मी कुणाला सांगितलं नाही!"

बाहेर दोन घरांत भात कांडणं चाललं होतं, ती मुसळं थांबली. कुत्री भुंकली. शेजारच्या अंगणातून एका म्हातारीचा आवाज आला: "आणि पोरांस्नी शिकवतासा व्हय, खरं बोला म्हणून!" मग कुणी तरी तिला गप्प केलं.

म्हातारा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "चैतात?"

मी मान डोलावली.

"मग ऊन दिलं असतं तर निम्मं वाचलं असतं की."

मी पुन्हा मान डोलावली. त्यानं बोटं मोडत काही तरी हिशेब केला, म्हणजे असं मला वाटलं. मग हात टेकून, हळूहळू, उठून बसला.

"मग निम्मं तुजं," तो म्हणाला. "माज्या वाट्याला निम्मंच आलं." आणि दाराकडं बघून मोठ्यानं हाक मारली, "पोरी, पेज हाय का गं?"

सुनेनं आणलेली पेज त्यानं माझ्यादेखत निम्मी प्यायली. उरलेली निम्मी मला दिली, आणि ती मी प्यायलो.

तो आणखी दोन वर्षं होता. कणगीला कान लावायला मात्र परत कुणाकडं गेला नाही. लोक बोलवायला येत, तो हात जोडत असे. कणगीतून पाखडून पाखडून त्यानं सूपभर जड दाणे वेगळे काढले होते, ते एका वाफ्यात टाकले. थोडे उगवले. लोंब्या आल्या त्या रात्रीतून रानडुकरांनी नेल्या. तांबड्या कुसळाचं भात त्या वाडीतून गेलं ते गेलंच. दिग्गीचं बी चांगलं आहे, पिकतंही जास्त. पण शिजताना त्याचा वास येत नाही.

परवा, म्हणजे वीस-एक वर्षांनी, मी त्या बाजूला गेलो. सून आता स्वतःच म्हातारी झालेली. तिनं मला ओळखलं आणि आपल्या नातसुनेला हाक मारून दाखवलं, "ह्येच ते मास्तर. आज्जानं ऐकलं व्हतं किडा, सांगितलंबी व्हतं ह्येंस्नी, बी उन्हात टाका म्हणून. पण हे गेले सुट्टीला आंबं खायाला!"

नातसून दिग्गीची, नुकती लग्न होऊन आलेली. तोंडाला पदर लावून हसू लागली. वाडीत ही गोष्ट आता अशीच सांगतात, असं दिसलं. मी तोंड उघडलं. सून माझ्याकडं बघत होती, नजर न हलवता.

"होय," मी म्हणालो, "आंबे फार गोड होते त्या वर्षी."

"आणि आज्जांस्नी खरंच ऐकाय यायचं व्हय, कणगीतलं?" नातसुनेनं विचारलं.

"यायचं," मी म्हटलं. "शेवटपर्यंत."

सून पेज आणते म्हणून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.