पाच वाटा तोंडपाठ

आमच्या रविवारच्या वॉकिंग ग्रुपमध्ये नकाशा उघडायला बंदी होती. कोणी मोबाइल काढून वाट शोधायला लागलं की काका ओरडायचे, "ठेव तो खिशात! मी मेलोय का?" आणि मग ते वाट म्हणायला लागायचे. सांगायला नव्हे, म्हणायलाच. "गेटपासून एकशेवीस पावलं सरळ, मग लाकडी पूल, पुलानंतर उजवीकडे, दोन चढ सोडायचे, तिसऱ्या चढावर दम लागेल तिथे बाक." लहानपणी दिडकी-अडीचकीचे पाढे म्हणत असतील त्याच चालीत. आणि दम लागेल तिथे बाक खरंच असायचा. पोरांनी त्यांचं नाव जीपीएस आजोबा ठेवलं, आणि आम्हा मोठ्यांसाठी ते जीपीएस काका झाले.

काका पुण्याचे, पंपांचे इंजिनीअर. इकडे परदेशात, डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात त्यांची उमर गेली. मी क्लेटनला शिकायला आले तेव्हा काकू होत्या, आणि शनिवारी त्यांच्या घरी आम्हा तीन-चार मुलींसाठी पोळ्यांचा डबा तयार असायचा. काकू गेल्या, काका ग्लेन वेव्हर्लीला मुलाकडे राहायला आले, मी शिकून डोळे तपासण्याचा व्यवसाय सुरू केला, लग्न झालं, मुलगी झाली. काकांचं पाठांतर मात्र तसंच चालू राहिलं. गाड्यांचे नंबर, सगळ्यांचे वाढदिवस, कुठल्या आठवड्यात पिवळ्या झाकणाचा कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायचा आणि कुठल्या आठवड्यात हिरव्या, हे सगळं त्यांना विचारायचं. "लिहिलेलं हरवतं, केतकी. पाठ केलेलं जातंय कुठे?" हे त्यांचं नेहमीचं.

या देशावर त्यांची एकच तक्रार होती. यारा व्हॅलीतल्या एखाद्या टेकडीवर पोचलो, खाली द्राक्षांच्या रांगा पसरलेल्या दिसल्या, की आम्ही फोटो काढायचो आणि काका हळहळायचे, "एवढे डोंगर, आणि एकावरही तटबंदी नाही! फुकट गेले." तरुणपणी सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेला माणूस तो. वायनरीत शिरल्यावर सगळे ग्लास हातात घ्यायचे आणि काका काउंटरवरच्या मुलीला विचारायचे, "ही आंबवायच्या आधीची मिळेल का?" ती गोंधळायची. मग सफरचंदाचा रस पीत ते आमच्याकडे दयेने बघायचे.

तटबंदीची हौस त्यांनी शेजाऱ्याकडून भागवून घेतली. पलीकडच्या घरात व्हिन्सी म्हणून एक म्हातारा इटालियन राहायचा, टोमॅटो लावणारा आणि गॅरेजमध्ये स्वतःची वाइन करणारा. त्याचं गाव तिकडे डोंगराच्या माथ्यावर होतं, सात-आठशे वर्षांचं जुनं. भोवती तट, तटाला पाच दरवाजे, प्रत्येक दरवाजातून खाली मळ्यांत उतरणारी एकेक पायवाट. काका वेडेच झाले. "अगं, गड आहे तो! फक्त आपले लोक उतरून गेले आणि हे वरच राहिले." कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून दोघांनी कितीतरी संध्याकाळी त्या पाच वाटा घोकल्या. व्हिन्सीचं इंग्रजी मोडकं, काकांचं पुणेरी, पण वाटा पक्क्या झाल्या. "धोब्याच्या दरवाजातून बाहेर, डावीकडे दगडी टाकी, दोनशे पावलं उतार, चार सरूची झाडं, मग दोन्ही हातांना मळे." व्हिन्सी वारला त्या आठवड्यात काका वॉकला आले नाहीत. पुढच्या रविवारी आले ते ठरवूनच, की मे महिन्यात एकट्यानेच इटलीला जायचं आणि पाचही वाटा चालायच्या. मुलाने कुरकुरत तिकीट काढून दिलं.

आता मागे वळून बघते तेव्हा माझी मलाच चीड येते. एकदा यारा व्हॅलीतल्या मळ्यात पाखरं हाकलायला जुनं जाकीट घातलेलं एक बुजगावणं उभं होतं. काका त्याच्याजवळून जाताना टोपी काढून "गुड मॉर्निंग, मेट!" म्हणाले आणि आम्ही पोट धरून हसलो. कॅफेत मेन्यूकार्ड न उघडता ते म्हणायचे, "तू घेशील तेच मला." आम्हाला वाटायचं, किती साधा माणूस. दोन वर्षांपूर्वी ते माझ्याकडे डोळे तपासायला आले होते. तक्ता धडाधड वाचला. मी म्हटलं, आता ड्रॉप्स घालून डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढू. तर म्हणाले, "ड्रॉप्स नको गं, मग गाडी चालवता येत नाही. पुढच्या वेळी बघू." दुसरा कोणी असता तर मी ऐकलं नसतं. पण ज्यांच्या घरच्या पोळ्या खाल्ल्या त्यांना दटावायचं कसं? मी "बरं काका" म्हटलं आणि नजर ठीक आहे अशी कार्डावर सही केली.

यंदा निघायच्या आधी मुलाने त्यांना नवा चष्मा करायला पाठवलं. मी नुकताच नवा स्क्रीन बसवला होता. एका वेळी एकच ओळ दाखवायची, आणि अक्षरं दर वेळी वेगळी. काका खुर्चीत बसले, हाताने एक डोळा झाकला, आणि सुरू केलं.

"ई. एफ-पी. टी-ओ-झेड. एल-पी-ई-डी."

तीच चाल. तोच मध्येच घेतलेला श्वास. समोर एकच ओळ होती आणि तीत के, एन, व्ही आणि आर अशी अक्षरं होती. काका म्हणत होते तो माझा जुना तक्ता, जो कधीच भिंतीवरून उतरला होता. मी हसले सुद्धा. म्हटलं, "काका, चीटिंग!"

ते हसले नाहीत. हात खाली घेऊन म्हणाले, "कधी बदललास गं?"

मग मी त्यांना काही विचारलं नाही. ड्रॉप्स घातले, फोटो काढला. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा बरोबर मधला भाग गेला होता. माझ्या दुकानात इतक्या काचा आहेत, पण याला काच नसते. "कडेकडेचं सगळं दिसतं की मला," ते म्हणाले. "तुझ्या कानातले दिसतात. तोंड दिसत नाही, एवढंच." मग खुर्चीतच पुढे सरकून त्यांनी माझा हात धरला. "केतकी, मे महिना जाऊ दे. परत आलो की लायसन्स तूच फाडून टाक. तोवर कोणाला बोलू नकोस."

"काका, तुमच्या गाडीत मागच्या सीटवर माझी सई बसते."

त्यांनी हात सोडला. हे त्यांना बहुधा सुचलंच नव्हतं. ते मान खाली घालून बसले, आणि मी त्यांच्या समोरच लायसन्सवाल्यांना कळवायचा फॉर्म भरला. मला रडू येत होतं आणि हात लिहीत होता.

लायसन्सचं कळवणं माझं काम होतं. इटलीचं नव्हतं. पण मी मुलाला फोन केला आणि म्हटलं, एकट्याने उतारावर जाण्याजोगी नजर नाही राहिलेली, विचार कर. त्याला तेवढंच हवं होतं. तिकीट त्याच संध्याकाळी रद्द झालं. "थँक्स, केतकी. यू सेव्ह्ड मी द फाइट," तो म्हणाला. सून म्हणाली, पुढच्या वर्षी आपण सगळे जाऊ. पुढच्या वर्षी त्यांना किती दिसणार हे तिघांपैकी फक्त मला ठाऊक होतं, आणि मी "हो, हो" म्हटलं.

काका रागावले नाहीत, हाच माझा त्रास आहे. रागावले असते तर मी भांडले असते, समजूत घातली असती. काही रविवार ते माझ्या गाडीतून आले. पण आता सगळे त्यांना हात द्यायला लागले होते. "काका, स्टेप आहे," "काका, लेफ्टला." ज्या वाटा त्यांनी आम्हाला शिकवल्या त्या आम्ही त्यांनाच सांगायला लागलो. एका रविवारी ते म्हणाले, गुडघा दुखतो. त्यानंतर आलेच नाहीत. ग्रुपमध्ये आता सगळे मोबाइल काढून चालतात, आणि दोनदा तरी चुकतात.

परवा शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, मी त्यांच्याकडे गेले होते. मुलगा-सून बाहेर होते. काका मागच्या अंगणात उन्हात बसले होते, चेहरा माझ्याकडे नाही तर जरा बाजूला वळवलेला. तसं केलं की त्यांना मी दिसते, हे मला माहीत आहे. मी चहा केला. इकडचं तिकडचं बोलून झालं.

"एक खरं सांग," ते म्हणाले. "तू त्यातली जाणकार. मी गेलो असतो तर मला काय दिसलं असतं?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण त्यांच्याशी एवढं वागून झाल्यावर आता खोटं तरी कशाला, असं वाटलं. "समोर गावाकडे बघितलं असतं ना काका, तर गावाच्या जागी डाग दिसला असता. तट नाही, दरवाजे नाहीत. पायाखालची वाट अंधुक."

"आणि बाजूचे मळे?"

"मळे दिसले असते. दोन्ही बाजूंचे."

"हिरवे?"

"हो. हिरवे."

त्यांनी कप चाचपून उचलला, एक घोट घेतला. आवाजात राग नव्हता, तक्रारसुद्धा नव्हती.

"अगं, गाव तर मला पाठच होतं. मळेच बघायचे होते."