काटा हिरव्यात होता

शाळेच्या अकरा बसगाड्या आणि त्यांतले आग विझवायचे अकरा लाल सिलिंडर, एवढा त्याचा पसारा. गॅरेजात सगळे त्याला उलटेमामा म्हणत. नात्यानं तो तिथं कुणाचाच मामा नव्हता. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, गाड्या उभ्या असताना, तो एकेक सिलिंडर ड्रायव्हरच्या गुडघ्याशेजारच्या पट्ट्यातून सोडवायचा, ढेकर काढायला तान्हं पोर धरावं तसा छातीशी धरायचा आणि डोकं खाली, बूड वर करायचा. मग बुडावर रबरी हातोडीचे चार ठोके, आणि लगेच कान. आतली पावडर सरसरत खाली आली की म्हणायचा, "पडली." नाही आली तर येईपर्यंत हलवायचा. मग नळीच्या तोंडात कुंभारमाशीनं चिखल भरलाय का ते काडीनं बघायचा, पिन बघायचा, आणि गळ्यातल्या चिठ्ठीवर तारीख घालून सही ठोकायचा.

हे कशासाठी ते तो न विचारतासुद्धा सांगायचा. गाडी दिवसभर खड्ड्यांतून आदळते, तिच्याबरोबर पावडरही आदळते, दबते, आणि ओल धरलेल्या गोणीतल्या मिठासारखा तिचा दगड होतो. वरचा काटा मात्र हिरव्यातच उभा. काट्याला आतल्या हवेचा दाब तेवढा कळतो, पावडरीचं त्याच्या बापालाही कळत नाही. मग आगीच्या वेळी दांडी दाबली की हवा फुस्स करून जाते आणि पावडर आत बसून राहते. मामाच्या आधी या कामावर असलेला माणूस नुसता काटा बघून सही करायचा. मामानं त्याला चार लोकांत धरला. "लांबून काय बघतोस, नवरी आहे का ती?" असं म्हणाला. गॅरेज हसलं आणि तो माणूस महिनाभरात काम सोडून गेला.

मालकही मामाला वचकून असत. पोरं सिलिंडरशी खेळतात म्हणून त्यांनी ते मागच्या डिकीत, दप्तरांखाली ठेवायचं ठरवलं होतं. मामानं विचारलं, आग पुढं लागणार आणि ड्रायव्हर मागं दप्तरं उपसत बसणार काय? सिलिंडर जागेवरच राहिले.

असा हा माणूस. आणि पाच महिन्यांपूर्वी त्याचा उजवा खांदा धरला. आधी शर्टाची बाही चढेना, मग हात छातीच्या वर जाईना. आठ-नऊ किलोचं धूड उलटं करणं लांबच राहिलं. पहिल्या रविवारी त्यानं दोन केले आणि घाम फुटला. उरलेल्या नऊंचा काटा बघितला. हिरवा होता. सही केली. पुढच्या महिन्यापासून अकराही तसेच. कुणाला सांगावं तर दुसरा माणूस ठेवतील, आणि तो दुसरा चार लोकांत काय बोलेल हे मामाला पाठ होतं. खांदा बरा झाला की एकदम सगळे उलटे करू, असं तो मनाशी म्हणत राहिला. खांदा बरा झाला नाही.

पाचव्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी सकाळी सात नंबरच्या बसनं पेट घेतला. ड्रायव्हर होता भोंगा. त्याचा आवाज असा की गाडीला हॉर्न कशाला लावलाय असं लोक विचारायचे. बॉनेटमधून धूर आला तशी त्यानं गाडी कडेला घेतली आणि गाडीवरच्या बाईनं पोरं भराभर उतरवली. चौदातली तेरा उतरली. चौदाव्या पोरीचा पाय पुढच्या दोन सीटांच्या मध्ये अडकला होता, आणि जाळ आत यायला लागला होता. भोंग्यानं सिलिंडर ओढला, पिन काढली, दांडी दाबली. फुस्स झालं, मूठभर पांढरं उडालं आणि संपलं. मग त्यानं पायाखालची मॅट घेऊन जाळ बडवला, मॅट पेटली तसा नुसत्या हातांनी. बाईनं पाय सोडवला. पोरगी साबूत निघाली. भोंग्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले.

मंगळवारी मालकांनी मामाला तो सिलिंडर कपाटात ठेवायला सांगितलं. मामानं डाव्या हातानं उचलला आणि हात खाली ओढला गेला. रिकामा सिलिंडर एवढा जड नसतो. पावडर आतच होती. मामा कपाट लावून बाहेर आला.

गुरुवारी मालकांनी सगळ्यांना बोलावलं. हातांना पांढरी गाठोडी बांधून भोंगा बाकावर बसला होता. मालकांनी चिठ्ठी वाचून दाखवली, तीन आठवड्यांपूर्वीची तारीख, खाली मामाची सही. म्हणजे सिलिंडर चांगला होता. म्हणजे भोंग्यानं आधी कधीतरी खेळ म्हणून उडवला असणार, किंवा घाबरून नीट दाबला नसणार. पालक उत्तर मागत होते, शाळा उत्तर मागत होती. मालक मामाकडे वळून म्हणाले, "मामा, तुम्ही तपासला होता ना?"

"तारीख घातलीय ना," मामा म्हणाला.

भोंगा त्याच्याकडे बघत होता, पण रागानं नाही. मामाची सही आहे म्हणजे चूक आपलीच असणार, आपण कुठं चुकलो, असं काहीतरी तो मनात चाचपत होता. त्याला सोमवारी येऊन हिशेब, चाव्या, गणवेश सगळं मिटवून जायला सांगितलं.

रविवार महिन्याचा पहिला होता. मामा एकटाच गॅरेजात गेला. दहा गाड्या उभ्या होत्या. डावा हात, गुडघा आणि हनुवटी लावून त्यानं एकेक सिलिंडर सीटवर आडवा केला, मग रेटून उभा उलटा केला. दुपारचे दोन वाजले. सहांची पावडर पडली. उरलेल्या चारांना ठोके घालून घालून हातोडी गरम झाली, तरी आतून काही आवाज आला नाही. दहाही काटे हिरव्यात होते. उद्या सकाळी या दहा गाड्यांत पोरं बसणार होती.

घरी आल्यावर बायको खांद्याला तेल लावायला बसली. तिला त्यानं सगळं सांगितलं, पाच महिन्यांचं. ती तेल लावत राहिली. मग वाटी बाजूला ठेवून म्हणाली, "खांदा धरलाय तुमचा. जीभ धरली नाही ना?"

सोमवारी गाड्या निघायच्या आधी मामा ऑफिसात गेला. भोंगा चाव्या द्यायला आला होता, त्या त्याच्या बायकोच्या हातात होत्या. दोघं-चौघं ड्रायव्हर दारात उभे होते. मामानं कपाट उघडलं आणि मालकांना म्हणाला, उचलून बघा. मालकांनी उचलला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग मामानं सांगितलं. पाच महिन्यांत सुरुवातीचे दोन सोडले तर एकही उलटा केलेला नाही, काटा बघून सह्या केल्या, काल उलटे केले तर चार अजून दगड आहेत. एका दमात सांगितलं, मान वर करून, कारण खाली बघितलं असतं तर पुढं बोलता आलं नसतं.

मालकांनी दार लावून घ्यायला सांगितलं. हे बाहेर जायला नको, म्हणाले, पावडर आठवडाभरात भरून घेऊ, आज गाड्या जाऊ देत. पण दारातल्यांनी ऐकलं होतं. तीन नंबरवाला सरळ म्हणाला की मी बसत नाही. मग बाकीचेही आपापला सिलिंडर घेऊन अंगणात आले. मालक मामाला म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत थांबा, उद्यापासून येऊ नका. भोंग्याला म्हणाले, तुझी चूक नव्हती असं शाळेला मी लिहून देतो.

मामा अंगणातल्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसला. ज्याचा त्यानं सिलिंडर उलटा करून धरायचा, ठोके घालायचे आणि मामानं कान लावायचा, असं ठरलं. ठोके कसे घालायचे हेही त्यांना धड येईना. एकानं दाराची कडी वाजवावी तसे घातले, तर मामा त्याच्यावर खेकसला.

भोंगा जवळ येऊन उभा राहिला. त्याचा आवाज इतका खाली आला होता की दुसऱ्या कुणाला ऐकूही गेलं नसतं. "मामा, गुरुवारी मी समोरच बसलो होतो. तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली," मामा म्हणाला.

"माझे हात दिसत होते ना तुम्हाला?"

"दिसत होते."

डॉक्टर म्हणतो बोटं वळतील का नाही ते दोन महिन्यांनी कळेल, एवढं सांगून भोंगा बायकोबरोबर फाटकाकडे गेला. मामा उठायला लागला, पण पुढचा ड्रायव्हर सिलिंडर उलटा धरून उभा होता. मामा परत बसला. कान लावला.

"नाही पडली," म्हणाला. "बाजूला ठेव. ही गाडी आज जाणार नाही."