खालच्या आळीची चावी

रमजानचाचांचं लग्न एका शब्दाच्या घोळातून जमलं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आमच्या कडेगावच्या बाजूला नळालाही चावी म्हणतात आणि पाइपलाइनीचा वॉल फिरवायच्या लोखंडी दांड्यालाही चावीच. चाचा ग्रामपंचायतीचे पाणी सोडणारे. त्यांच्यासाठी जतकडे मुलगी बघायला गेलेल्या आमच्या गावच्या नानासोंनी मुलीच्या बापाला छाती फुगवून सांगितलं, "पोरगं लय भरवशाचं. समद्या गावाच्या चाव्या त्येच्याच हातात हायत." जतच्या त्या वाडीत तेव्हा पाणी टँकरनं यायचं. नळच नाही, तर नळाची चावी कुणाला कळणार? बापाला वाटलं, जावई सोसायटीच्या गोदामावर बसत असणार. शमशादचाची नांदायला आल्या आणि दुसऱ्या सकाळी नवरा खांद्यावर दांडा टाकून चिखल तुडवत निघालेला बघितला. "याच व्हय त्या चाव्या?" असं म्हणून त्या हसल्या की रडल्या, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

निदान पाण्याला तरी तोटा पडणार नाही, अशी चाचींनी मनाची समजूत घातली. पण घरच्या नळाला धार बघावी तर करंगळीएवढी.

त्याचं कारण साधं होतं. टाकी शाळेच्या उंचवट्यावर. तिथून निघालेली लाइन आधी खालच्या आळीला लागायची आणि मग चढ चढून आमच्या वरच्या आळीत, म्हणजे धनगरांच्या घरांत यायची. पाणी मुलखाचं आळशी, उतार दिसला की तिकडंच पळणार. खालच्या आळीचा वॉल सताड उघडा ठेवला तर खाली घागरी उतू जायच्या आणि आमच्या नळातून नुसती हवा फुसफुसायची. म्हणून चाचा खालचा वॉल आवळून ठेवत, म्हणजे उरलेलं पाणी जोरानं वर चढे. आणि चाचांचं स्वतःचं घर होतं खालच्या आळीत.

मी या गावात सून म्हणून आले तेव्हा मला वाटायचं, वॉल काय, अर्धा फिरवला की पाणी अर्धं. चाचा हसले. "निम्मा बंद केला तरी पानी फारसं तुटत न्हाई, पोरी. खरी गंमत शेवटच्या फेऱ्यांत. तितं जरा हात हलला की धार निम्मी हुती." ती गंमतही ते सावकाश करत. झटक्यात आवळलं तर धावतं पाणी एकदम अडतं, पाइपात धाडकन दणका बसतो आणि जोड निखळतो. त्यांचा तो सावकाशपणा बघून माझं डोकं फिरायचं. इकडं माझी भांडी खोळंबलेली आणि यांचं आपलं चाललंय, जसं काही बाळाला जोजवतायत.

आता वरच्या आळीला वेगळी टाकी झाली. कळ दाबली की वॉल आपोआप फिरतो. सोय झाली, मी नाही कुठं म्हणते? पण सकाळी "पानी सोडलंय गंऽ" ही आरोळी येत नाही आणि मला करमत नाही. चाचा हल्ली मशिदीच्या ओट्यावर बसलेले दिसतात. त्यांना बघितलं की मला सुमैराचं लग्न आठवतं.

सुमैरा त्यांची एकुलती एक लेक. वैशाखातलं लग्न, वऱ्हाड इस्लामपूरचं. सांगितलेला टँकर ऐन वेळी दुसरीकडं गेला. अंगणात चुली पेटलेल्या, देगा मांडलेल्या, आणि नळाला तीच करंगळीएवढी धार. मी तांदूळ निवडायला गेले होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"आवं, आजच्या दिस आपली चावी उघडा," चाची म्हणाल्या.

"आन वरच्या आळीनं काय प्यायचं?"

"त्यांचं त्ये बघतील. जतला आमी टँकरमागं पळून दिस काढलं. माज्या लेकीच्या वऱ्हाडाला बी कोरडा हात दावू व्हय?"

चाचांचा चेहरा उतरला. त्यांनी दांडा खांद्यावर घेतला आणि ते वॉलकडे गेले. चाचींना वाटलं, उघडणार. मलाही वाटलं. आम्ही दोघी नळाकडं बघत राहिलो. धार तसूभर वाढली नाही. चाची खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. असला नवरा कुणाच्या वाट्याला येऊ नये, असं त्या क्षणी माझ्याही मनात आलं.

मी तणतणत घरी आले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. आमच्या सासूबाई हरणाबाई तोंडानं फटकळ. नुकताच भरलेला हंडा त्यांनी उचलून डोक्यावर घेतला. शेजारणीनं विचारलं, "मावशे, कुटं निगालीस?" तर म्हणाल्या, "उतरायचंच हाय, चढायचं कुटं हाय? उचल तुजी घागर."

बघता बघता आख्खी आळी उताराला लागली. हंडे, घागरी, कळशा, कुणाची दुधाची किटली. वॉलपाशी बसलेल्या चाचांनी आम्हाला जाताना बघितलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मग दांडा घेऊन तेही मागोमाग आले.

देगा भरल्या, पिंप भरलं. सासूबाई चाचींना म्हणाल्या, "आमच्याच चावीचं पानी हाय गं शमशाद. तुज्या दाल्ल्यानं रोज वर चढवलंय त्येच." चाचींनी त्यांच्या गळ्यात हात टाकला. लग्नाआधीच लेकीच्या पाठवणीसारखं रडणं झालं.

मग चाचींनी डोळे पुसले. समोर पालथ्या घातलेल्या रिकाम्या हंड्यांची रांग बघितली आणि दारात अवघडून उभ्या राहिलेल्या नवऱ्यावर खेकसल्या, "आवं, बघताय काय नुसतं? जावा, आपली चावी आजून वाईच आवळा. वरच्यांची भांडी समदी रिकामी झाल्यात!"