धुलाईघरातला आवाज

अकरा वर्षं मी एका बाईसमोर उभी राहून चादरींच्या घड्या घातल्या आणि ती गाते हे मला माहीत नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

आमचं धुलाईघर रुग्णालयाच्या तळघरात. सहा मोठे ड्रम, दोन सुकवायची यंत्रं आणि एक लांबलचक इस्त्रीचा रूळ. हे सगळं एकदम सुरू झालं की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. त्यापेक्षा आम्ही खुणांनी बोलायचो. दोन बोटं म्हणजे अभ्रे, मूठ म्हणजे थांब, पोटावर हात म्हणजे जेवायला चल. सवय इतकी जडली होती की घरीसुद्धा मी पोटावर हात ठेवूनच नवऱ्याला जेवायला बोलवायचे आणि तो दर वेळी विचारायचा, "काय गं, दुखतंय का?"

मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. ताणायची, झटकायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक भिडवायचं, मागे सरकायचं, पुन्हा पुढे. दिवसाला तीनशेच्या वर चादरी. माझी ही जोडीदारीण 'हो', 'नको' आणि 'झालं' एवढ्या तीन शब्दांवर दिवस काढायची. म्हणून तिचं नाव पडलं अबोली. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल तेवढंच.

काम करताना तिचे ओठ मात्र सारखे हलायचे. मला वाटायचं, चादरी मोजतेय. एक सांगते, मला लहानपणी नाचायचं वेड होतं. लग्नानंतर ते सुटलं, आणि चाळिशी उलटलेल्या जाड्या बाईने नाचावं असं आमच्या घरात कुणालाच वाटत नव्हतं. पण तळघरात चादरीची टोकं धरली की माझे पाय आपसूक ठेक्यात पडायचे. तो ठेका मी तिच्या ओठांवरून उचलायचे. ते थांबले की मी थांबायचे, ते रुंदावले की मी एक गिरकी मारून टोक तिच्या हातात द्यायचे. मोजणाऱ्या बाईचे ओठ असे कशाला हलतील, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

एके दिवशी दुपारच्या जेवणानंतर वीज गेली. जनरेटर आधी शस्त्रक्रियेच्या खोल्यांना वीज देतो, धुलाईघराचा नंबर सगळ्यांत शेवटी. ड्रम घरघरत थांबले, रूळ थांबला, आणि त्या एकदम पडलेल्या शांततेत एक आवाज तेवढा चालू राहिला.

आवाज मोठा नव्हता. काठोकाठ भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी उचलून नेणाऱ्या बाईसारखा तो चालला होता, सावकाश, एक थेंबही न सांडता.

"दार उघडंच आहे, आत ये… पाय पूस नि आत ये… पाणी ठेवलंय, बस जरा…"

पुढची ओळ अर्ध्यावर तुटली. तिच्या लक्षात आलं होतं.

आतल्या केबिनमधून सुपरवायझर साहेब ओरडले, "कामाच्या वेळी रेडिओ कुणी लावलाय?"

इस्त्रीवाला हळूच म्हणाला, "साहेब, वीज गेलीय. रेडिओ लागेल कशावर?"

कुणी हसलं नाही. सगळे अबोलीकडे बघत होते. तिने चादरीची टोकं सोडली आणि मळक्या कपड्यांच्या ढिगामागे जाऊन बसली. मी मागोमाग गेले.

"अगं, तू गातेस?"

"ऐकू आलं?"

"मला वाटायचं तू चादरी मोजतेस!"

त्या दिवशी वीज यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात ती जितकं बोलली तितकं अकरा वर्षांत बोलली नव्हती. लहानपणी ती राहायची त्या घराच्या खालच्या मजल्यावर गाणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. ही फरशीला कान लावून पडून राहायची. गाण्याचे शब्द वर यायचे नाहीत, नुसती चाल यायची आणि बाईंचं ओरडणं यायचं. "श्वास चोरू नकोस! घाई कुठे आहे? पुन्हा!" ती ओरडणी दुसऱ्यांच्या मुलींना असायची, पण सुधारायची ही. चालींना शब्द नव्हते, ते तिने आपले घरातले घातले. बाईंचा चेहरा तिने कधी पाहिला नाही.

पुढे लग्न झालं. नवरा बस दुरुस्त करायच्या कारखान्यात, कायमची रात्रपाळी, दिवसभर झोप. घरात चमचा पडू द्यायची सोय नव्हती.

"वाईट नव्हता गं," ती म्हणाली. "चांगलाच होता. फक्त झोपलेला असायचा."

म्हणून गाणं तळघरात आलं. इथे कितीही मोकळा गळा लावला तरी कुणाची झोप मोडत नव्हती. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला. बावीस वर्षांच्या संसारात त्याने तिचं गाणं एकदाही ऐकलं नाही. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला.

"मग आता घरी गात असशील," मी म्हटलं.

"नाही जमत. घर इतकं गप्प असतं, की आवाज काढला की माझी मीच दचकते."

मी तिच्या शेजारी ढिगावर बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी वरून एक सिस्टर धुलाईघर शोधत आल्या. प्रत्येक मजल्यावरून मळके कपडे खाली टाकायला भिंतीतून एक रुंद पत्र्याची नळी आहे. वीज गेली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर तिचं झाकण उघडं होतं. तिथल्या वॉर्डात एक निवृत्त मास्तर होते, भूगोल शिकवायचे. मेंदूला झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती. पाच आठवडे तोंडातून 'तो, तो, तो' याशिवाय काही निघत नव्हतं. आवाज नळीतून वर गेला आणि मास्तरांनी ती चाल जशीच्या तशी गुणगुणली.

"मावशी, तुम्ही वर याल का? रोज अर्धा तास?" सिस्टर म्हणाल्या.

"नको," अबोली म्हणाली. तीन शब्दांतला एक.

"का पण?"

"कुणी बघत असलं की येत नाही मला."

"मग पडद्याआड उभ्या राहा."

कामाची पाळी संपल्यावर मी तिला जवळजवळ ओढतच वर नेलं. मास्तरांच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. ती बाहेर उभी राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं. मी जाऊन नळ पूर्ण सोडला. पाणी धो धो पडायला लागलं, आणि त्या आवाजाच्या आडोशाने ती गायला लागली.

थोड्या वेळाने पडद्याच्या आतून एक घोगरा, फाटका आवाज तिच्यामागून चालायला लागला. चौथ्या दिवशी त्या आवाजात एक शब्द आला, "ये." नवव्या दिवशी अख्खी ओळ आली. मी रोज नळ थोडा थोडा बारीक करत होते, तिला न सांगता.

मास्तरांची मुलगी संध्याकाळी यायची. एरवी आम्ही तोवर गेलेल्या असायचो. एक दिवस ती लवकर आली. दारात तिची पावलं वाजली आणि मास्तर आतून, अडखळत नाही, सरळ चालीवर म्हणाले, "दार उघडंच आहे, आत ये."

मुलगी हातात पिशवी धरून दारातच उभी राहिली. सहा-सात आठवडे वडील तिला 'तो, तो' म्हणत होते. मास्तर पुन्हा म्हणाले, "पाय पूस नि आत ये." तेव्हा ती रडत रडत हसली आणि खरंच पाय पुसून आत गेली.

पडद्याबाहेर अबोलीने डोळे मिटून माझं मनगट घट्ट धरलं होतं. "कुणीतरी आलं वाटतं," ती कुजबुजली.

तीन आठवड्यांनी मास्तरांना घरी सोडलं. ते कुणी आम्हाला कळवलं नाही. का कळवतील? आम्ही तळघरातल्या. दुसऱ्या दिवशी वेळेवर ती वर गेली, तर त्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक तरुण मोबाईल बघत पडलेला. ती खाली आली आणि चादरीची टोकं उचलली.

त्यानंतर तिचे ओठ हलेनासे झाले. धुलाईघरात आता सगळ्यांना माहीत होतं. ड्रम जरा मंदावला की माना तिच्याकडे वळायच्या. साहेबांनी वार्षिक कार्यक्रमात गाशील का म्हणून विचारलं, ती म्हणाली, "नको." इकडे माझे पाय भरकटले. अकरा वर्षांत चुकली नव्हती ती घडी चुकायला लागली. टोकाला टोक लागेना. मी चिडून एकदा तिच्या कानाशी ओरडले, "अगं, गा की!" तिने मूठ दाखवली. थांब.

दोन महिने असे गेले. शेवटी मी सिस्टरकडून मास्तरांचा पत्ता मिळवला आणि एका सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन गेले. मुलीने दार उघडलं. तिने मला ओळखलं, ती लवकर आली त्या दिवशी पडद्याबाहेर बोलावून मीच तिला गाण्याचं सांगितलं होतं. मास्तर खुर्चीत बसलेले. आता बोलत होते, शब्द वेचून वेचून.

"आपण… कुठल्या… विभागात?" त्यांनी अबोलीला विचारलं.

"धुलाई."

"छान. चादरी… स्वच्छ असायच्या."

"बाबा, अहो याच त्या. गाणाऱ्या मावशी," मुलगी म्हणाली.

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. "मला वाटलं… उंच… असतील," ते म्हणाले. अबोली हसली. तिला मी असं हसताना फार कमी वेळा पाहिलंय.

मुलगी पाणी घेऊन आली. "आता बाबा गात नाहीत, मावशी. बोलायला लागले तसं गाणं मागे पडलं. चांगलंच झालं ना?"

"चांगलंच झालं," अबोली म्हणाली आणि हातातल्या पेल्याकडे बघत बसली.

"म्हणा… ना. एकदा," मास्तर म्हणाले.

तिने तोंड उघडलं. काही आलं नाही. घर शांत, समोर माणूस बघतोय. मी नळ शोधायला उठणार, तेवढ्यात मास्तरांनी मला हाताने बसवलं. जन्मभर वर्गात उभा राहिलेला माणूस. "काही मुलं… तोंडाकडे बघितलं की… गप्प होतात. पाठ फिरवली की… येतं सगळं," ते म्हणाले. मग मुलीच्या आधाराने त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली, आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

अबोली गायली. यंत्र नाही, पाणी नाही, नुसती खोली आणि तिचा आवाज. मी तो पहिल्यांदा पूर्ण ऐकला. मध्येच तो खाली उतरायचा आणि आता संपला असं वाटायचं, आणि तिथून तो पुन्हा उठायचा. मी उभी राहिले होते हे मला मुलीच्या चेहऱ्यावरून कळलं. चार पावलं पुढे, चार मागे, हात रिकामे. नाच म्हणणार नाही मी त्याला. पण थांबलेही नाही.

मास्तर मात्र सोबत गायले नाहीत. गाणं संपल्यावर, पाठ तशीच ठेवून त्यांनी विचारलं, "शब्द… कुणाचे?"

"माझेच."

"कोण… यायचं होतं?"

तिने पेला खाली ठेवला. "कुणी नाही. असंच," ती म्हणाली.

परतताना बसमधून उतरायच्या आधी ती म्हणाली, "सिस्टरना सांग, असं आणखी कुणी असलं तर बोलवा म्हणावं."

पुढची अडीच वर्षं आठवड्यातून दोनदा ती तिसऱ्या मजल्यावर गेली. सात जणांजवळ बसली. पडदा लागेनासा झाला. मी खाटेच्या दांडीवर ठेका धरायचे, आणि शेजारच्या खाटांवरचे, भेटायला आलेले, कधी कधी सिस्टरसुद्धा ओळ उचलायच्या. काहींना शब्द परत मिळाले, दोघांना नाही मिळाले. ज्यांना मिळाले ते घरी गेले, आणि दर वेळी ती एकदा रिकाम्या खाटेपर्यंत जाऊन यायची.

मागच्या वर्षी ती निवृत्त झाली आणि मुलाकडे राहायला गेली. वर आता कुणी गात नाही. सिस्टरनी तिचं गाणं मोबाईलवर घेऊन ठेवलं होतं, ते लावून पाहिलं, पण पेशंट नुसते ऐकतात, म्हणत नाहीत.

परवा तिचा फोन आला. मी तळघराच्या जिन्यात जाऊन घेतला.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"गातेस का गं?"

"सून घरूनच काम करते. दिवसभर तिच्या मीटिंगा असतात." मग म्हणाली, "नवी जोडीदारीण कशी आहे?"

"चांगली आहे. पोरगी आहे अजून. कानात काहीतरी घालून असते."

"टोकं जुळतात?"

"जुळतात," मी म्हटलं. ते खोटं होतं.

ती म्हणाली, "ठेवते. नातीची शाळा सुटायची वेळ झाली." मी फोन खिशात टाकला आणि आत गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या चादरी धुऊन घडीला आल्या होत्या.