पडद्यावरची बाई

अक्षर किरटं आहे, चुकाही असतील, माफी असावी.

काल नात कॉम्प्युटरवर डॉक्टरकी शिकत होती. पडद्यावरची खोटी आजारी बाई ती विचारेल ते घडाघडा सांगत होती. मला एकदम स्पिरिटचा वास आल्यासारखं झालं आणि नाशिकच्या मोठ्या दवाखान्यातली ती शिकाऊ डॉक्टर मुलगी आठवली. मी तिथे आजारी म्हणून दाखल होते आणि मला तपासण्यावर तिची परीक्षा होती.

"मावशी, पाळीत अंगावरून फार जातं का?" तिनं हळूच विचारलं. पलीकडे तिच्याबरोबर शिकणारे मुलगे उभे होते. मी लाजून "नाही" म्हणाले.

परीक्षा घेणाऱ्या सरांना माझा आजार माहीत होता. "तू विचारलंच नाहीस," ते तिला म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंडाला पदर लावून गप्प राहिले. ती नापास झाली.

नातीला म्हणाले, "खरी बाई आधी नाहीच म्हणते. मुलग्यांना बाहेर पाठव, मग परत विचार."

"तुला गं काय माहीत, आजी?"

मी चहा ठेवायला उठले.